रणांगणाआधी कारखाना

5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या माळावर बापू गोखल्यांचे घोडदळ इंग्रजांवर तुटून पडले. समोर जेमतेम तीन हजारांची फौज होती. मराठ्यांचे बळ तिच्या कितीतरी पटींनी अधिक होते. मोरो दीक्षितांसारखे वीर त्या दिवशी धारातीर्थी पडले. शौर्यात कोठेही उणीव नव्हती. तरीही अवघ्या बारा दिवसांत, 17 नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. पुढे 1869 मध्ये त्याच खडकीत इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना उभारला. जेथे राज्य जिंकले, तेथेच ते टिकविण्याचे साधन त्यांनी रोवले.

या पराभवाचे पुण्याचे उत्तर ठरलेले आहे : फितुरी. बाळाजीपंत नातूंच्या नावाने बोटे मोडली की इतिहासाचा हिशेब मिटला, असा एक सोयीस्कर समज दोनशे वर्षे जोपासला गेला आहे. दुसरीकडे पुरोगामी मंडळींचे उत्तरही तयारच असते : हा समाज मुळातच जीर्ण होता, तेव्हा तो हरणारच होता. पहिले उत्तर दोष एका माणसावर टाकते, दुसरे अवघ्या समाजावर. पण तोफा कोण ओतत होते, त्या ओतण्याची विद्या कोणाची होती आणि सैनिकाचा पगार कोणाच्या खजिन्यातून येत होता, हे प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

त्यांचे उत्तर आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणभूमीवर मिळते. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेपाशी सुमारे 100 तोफा होत्या. त्यांच्या माऱ्याने आर्थर वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. पुढे नेपोलियनला हरविणाऱ्या या सेनापतीने असईची गणना आपल्या सर्वांत कठीण लढायांत केली. उत्तरेत आग्र्याला शिंद्यांचा तोफा ओतण्याचा कारखानाही होता. म्हणजे मराठ्यांना यंत्रयुगाचे भान नव्हते, हे म्हणणे निखालस खोटे आहे. महादजींना ते भान पुरेपूर होते. उणीव होती ती वेगळीच. आग्र्याच्या कारखान्याचा सूत्रधार स्कॉटलंडचा होता आणि कवायती पलटणींचे बहुतेक वरिष्ठ अधिकारी युरोपीय होते. शिंद्यांची चाकरी सोडून या, पगार आम्ही देतो, असा जाहीरनामा कंपनी सरकारने 1803 च्या ऑगस्टमध्ये काढला आणि ऐन युद्धात अनेक अधिकारी छावणी सोडून चालते झाले. तोफा स्वतःच्या होत्या, विद्या भाड्याची होती. भाड्याची वस्तू मालकाच्या मर्जीने परत जाते.

आता प्रतिपक्ष पाहा. 1801 च्या शिरगणतीनुसार इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड मिळून लोकसंख्या जेमतेम एक कोटीच्या आसपास होती. पण 1765 पासून बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती होती. त्या महसुलातून शिपायाला वेळेवर पगार मिळे, आणि तो शिपाई बहुधा याच भूमीचा पुत्र असे. साम्राज्य म्हणजे दुसऱ्याची माणसे आणि दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या युद्धात वापरण्याची व्यवस्था. हिंदुस्थान जिंकला गेला तो मुख्यतः हिंदुस्थानच्याच पैशाने आणि हिंदुस्थानच्याच मनुष्यबळाने. लोकसंख्या इकडे होती, तिचा उपयोग मात्र तिकडे होत होता.

दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. 1939 मध्ये सुमारे दोन लाख असलेले हिंदी सैन्य युद्धाच्या अखेरीस 25 लाखांवर गेले. स्वेच्छेने भरती झालेली एवढी मोठी फौज तोवर जगाने पाहिली नव्हती. पण हिंदुस्थानच्या कारखान्यांचे काय झाले? सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी मोटारींचा कारखाना काढण्याचा आग्रह धरला; सरकारने युद्धकाळात त्याला साथ दिली नाही. 1940 मध्ये त्यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळूरला विमानाचा कारखाना सुरू केला. 1942 मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेऊन तो आपल्या ताब्यात घेतला. 1941 मध्ये विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा पाया घातला. तेथून पहिले जहाज पाण्यात उतरले ते स्वातंत्र्यानंतर, 1948 मध्ये.

याच साम्राज्यात कॅनडाही होता. त्याची लोकसंख्या सव्वा कोटीच्याही आत होती. त्या देशाने युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. हिंदुस्थानची लोकसंख्या 1941 मध्ये सुमारे 39 कोटी होती. साम्राज्य एकच, शत्रू एकच, युद्ध एकच. तरीही कॅनडाच्या वाट्याला यंत्रे आली आणि हिंदुस्थानच्या वाट्याला भरतीचे फलक. शिवाय 1943 मध्ये बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसे मेली ती वेगळीच. युद्ध संपले तेव्हा इंग्लंड हिंदुस्थानचे सुमारे 130 कोटी पौंड देणे लागत होते. ज्याच्या मालावर आणि माणसांवर युद्ध लढले गेले, त्याच्या हाती विजयानंतर कागदी हुंडी उरली. संख्येच्या जोरावरच राष्ट्र बलवान होत असते, तर असे घडले असते काय?

केवळ साम्राज्यही पुरत नाही, हे जपानने दाखवून दिले. 1942 च्या मध्यापर्यंत त्याने आग्नेय आशिया गिळला, तेलाच्या खाणी मिळविल्या. पण ते तेल मायदेशी नेणारी जहाजे अमेरिकन पाणबुड्या बुडवीत गेल्या आणि बुडालेल्या जहाजांची भरपाई जपानी गोद्यांना करता आली नाही. 1944 या एका वर्षात अमेरिकेने सुमारे 96 हजार विमाने बांधली, जपानने सुमारे 28 हजार. जपानी वैमानिकांच्या आत्मबलिदानानेही हे अंतर तुटले नाही.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्या काळात हिंदू तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांची ‘रिक्रूटवीर’ म्हणून टवाळी झाली. डॉ. मुंजे यांनी 1937 मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली, तिचीही हेटाळणी झाली. शस्त्र हाताळणारा हात आणि यंत्र चालविणारा हात हे दोन्ही स्वकीय असले पाहिजेत, ही त्या द्रष्ट्यांची दृष्टी होती. स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी ती कितपत घेतली? 1965 च्या युद्धात अमेरिकेने शस्त्रपुरवठा थांबविला, तेव्हा पहिला धडा मिळाला. 1986 मध्ये 410 बोफोर्स तोफांचा करार झाला, तंत्रज्ञानाचे कागदही आले. पण दलालीच्या चिखलात देश असा रुतला की त्या कागदांवरून घडलेली ‘धनुष’ तोफ सैन्यात दाखल व्हायला 2019 उजाडले. कारगिल 1999 मध्ये जिंकले ते त्याच जुन्या बोफोर्सच्या आणि जवानांच्या छातीच्या बळावर.

आज चित्र पालटते आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पाषाणच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने ‘पिनाक’ घडविले. तिच्याच पुढाकाराने भारत फोर्ज आणि टाटा यांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या 155 मिलिमीटरच्या 307 तोफांसाठी मार्च 2025 मध्ये करार झाला. ‘बुद्ध-गांधींच्या देशाला तोफा कशाला’ असे विचारणाऱ्यांनी 2022 नंतरचा युरोप पाहावा. संपन्न राष्ट्रांना तोफगोळे अपुरे पडले आणि युक्रेनला ते मोजून-मापून मिळू लागले.

पण आत्मसंतोषाला जागा नाही. भारत आजही शस्त्रांच्या मोठ्या आयातदारांत मोडतो. ‘तेजस’चे इंजिन अमेरिकेतून वेळेवर आले नाही म्हणून वायुसेनेला वाट पाहावी लागली, ही आग्र्याच्या कारखान्याचीच नवी आवृत्ती होय. कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नातील हिस्सा 25 टक्क्यांवर नेण्याचा संकल्प 2014 मध्ये झाला. तो अजून दूर आहे. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हा प्रश्न दबक्या आवाजात विचारणे, हे राष्ट्रभक्तीचे लक्षण नव्हे.

आणि आपल्यातीलच काहींना केवळ डोकी मोजण्याचा छंद जडला आहे, त्यांनीही 1941 चे 39 कोटी आठवावेत. घराघरांतून मुले किती, या चर्चेपेक्षा त्यांतील किती जण धातूशास्त्र शिकतात, किती जण लेथवर हात काळे करतात, ही चर्चा अधिक निकडीची आहे. मुलगा परदेशी कंपनीची संगणक-चाकरी करतो याचा अभिमान आणि पुतण्या आयटीआयला गेला याचा संकोच, हे मध्यमवर्गीय मन बदलल्याशिवाय स्वदेशी शस्त्र घडणार नाही.

परंपरेने हे केव्हाच सांगून ठेवले आहे. विजयादशमीच्या सीमोल्लंघनाच्या आदल्या दिवशी खंडेनवमी येते. त्या दिवशी शस्त्रांबरोबर अवजारे आणि यंत्रेही पुजली जातात. आधी खंडेनवमी, मग सीमोल्लंघन, हा क्रम ज्या राष्ट्राने उलटा केला, त्याच्या नशिबी खडकी आलीच.