मानधनाचं वतन

सरकारने 2000 साली मास्तरला नवं नाव दिलं. शिक्षणसेवक. त्याच्या पगारालाही नवं नाव दिलं. मानधन. नाव गोड ठेवून हक्क मारायचा ही युक्ती आपल्या बापजाद्यांना कुणी समजावून सांगायला नको. गावकीचं काम करणाऱ्या महारालाही पगार नव्हता, वतन होतं. वतन म्हणजे केवढा मान! रात्रंदिवस राबायचं, मढ्याचा सांगावा पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन पदर पसरायचा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं ते ह्याच मानाच्या पेकाटात लाथ घालायला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडं. ते बिल इकडं लागू व्हायचं नव्हतंच. पण जोहार इकडंही तोच होता.

आता हिशेब करू. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सुरुवातीला महिन्याला 3000 रुपये. पुढं ते 6000 झाले आणि 2022 साल संपेपर्यंत 6000च राहिले. तीस दिवसांनी भागा. दिवसाला 200 रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती 256 रुपये. म्हणजे उन्हात माती उपसणाऱ्या बाईला 256 आणि तिच्या पोराला बाराखडी शिकवणाऱ्या डी.एड. पास मास्तरला 200. (बाईचे 256 जास्त होते असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस टोपलं उचलून बघावं.) हायकोर्टाने कान पिळल्यावर 1 जानेवारी 2023 पासून 16000 झाले. तीन वर्षं असं काढायचं, मग वेतनश्रेणी. तीन वर्षं वर्ग तोच, पुस्तक तेच, पोरं तीच. समान कामाला समान वेतन द्या असं सुप्रीम कोर्टाने 2016 साली पंजाबच्या हंगामी कामगारांच्या खटल्यात सांगितलं. इकडं कुणी ऐकलं?

हे झालं सरकारी शाळेचं. खाजगी संस्थांचा नरक वेगळा. 2001 साली सरकारने 'कायम विनाअनुदानित' नावाचं जनावर पाळलं. शाळा काढा, अनुदान मागू नका. शिक्षणसम्राटांनी गावोगाव पाट्या लावल्या. शाळेत मास्तर भरायचा तो 'डोनेशन' घेऊन. म्हणजे नोकरी लागायला आधी लाखांनी पैसे द्यायचे आणि मग फुकट शिकवायचं, अनुदान येईल या आशेवर. 2009 साली 'कायम' हा शब्द तेवढा काढला. 20 टक्के अनुदानाला 2016 साल उजाडलं. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक होती. पगार मागायला आलेल्या मास्तरांवर तिथं लाठ्या पडल्या. जुलै 2025 मध्ये हेच मास्तर पुढच्या टप्प्याच्या पैशासाठी आझाद मैदानात पावसात बसले होते. ज्याची उमेद अशी पंधरा-वीस वर्षं धरणं धरण्यात गेली त्याला आपण 'गुरुजी' म्हणतो. आणि 5 सप्टेंबरला हार घालतो.

आता मस्तगडला पुतळ्याजवळ आपली पोरं बसतात त्यांचं बोलणं सांगतो. मास्तरांच्या संपाचा विषय निघाला की पोरं उसळतात. "कशाला पाठिंबा द्यायचा? सत्तर-ऐंशी हजार उचलतात, सोसायटीत बंगला, पोरं इंग्रजी शाळेत. आपल्या वस्तीतल्या पोरांना ढ म्हणून मागं बसवतात ते हेच." मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला तेव्हा बेकार पोरांचा 'आम्ही निम्म्या पगारात शिकवतो' हा सूरही निघाला होता.

पोरांच्या रागात खोटं काही नाही. पण त्या रागाचा फायदा कोण उठवतं ते बघा. निम्म्या पगारात शिकवतो म्हणणारा पोरगा सरकारला हवाच आहे. आज तो निम्म्यात तयार, उद्या त्याचा धाकटा भाऊ पावपटीत. जुलै 2023 मध्ये सरकारने जिल्हा परिषदेच्या शाळांत रिटायर मास्तर वीस हजारांवर कंत्राटाने घ्यायचं ठरवलं. 6 सप्टेंबर 2023 ला नऊ खाजगी एजन्स्या नेमून नोकरभरती ठेक्यावर द्यायचा आदेश काढला. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. मग 5 सप्टेंबर 2024 ला, बरोबर शिक्षकदिनी, वीस पोरांपर्यंतच्या शाळांसाठी पंधरा हजारांचा कंत्राटी मास्तर काढला. आदेश रद्द होतो, डोकं रद्द होत नाही.

यात आपलं काय जातं? नोकरी कायम असेल तर तिला बिंदुनामावली लागते. तेरावा बिंदू कुणाचा, चौदावा कुणाचा, हे कागदावर येतं. भरला नाही तर अनुशेष म्हणून भांडता येतं. 1981 च्या नियमावलीत खाजगी शाळांनासुद्धा राखीव जागा बांधून दिल्या आहेत. ठेकेदाराला कसली बिंदुनामावली? तो साहेबाच्या मेहुण्याला घेईल. घटनेतलं 16(4) कुणी खोडत नाही. ज्या नोकरीला ते चिकटलेलं आहे ती नोकरीच उचलून नेतात. हंडा चोरायचा नाही, विहीरच बुजवायची. म्हणून निम्म्या पगारात शिकवायला निघालेल्या आपल्या पोरा, तुला ती निम्मी नोकरीसुद्धा मिळणार नाही.

आता युनियनवाल्यांकडं वळतो. त्यांना सोडायचं कारण नाही. संघटना आहेत, आमदार आहेत, विधान परिषदेत शिक्षकांचे वेगळे मतदारसंघ आहेत. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, ती मागितली, बरोबर केलं. पण संप मिटवताना टेबलावर पहिली मागणी कुणाची असते? वेतन आयोगाची. घड्याळी तासिकेवरच्या मास्तरची मागणी कितव्या नंबरला असते? राखीव जागांचा अनुशेष त्या यादीत असतो तरी का? मास्तरांच्या अधिवेशनाला सुट्टी काढून जाणारे, तिथं शिक्षणसेवकाला सतरंज्या उचलायला लावणारे पुढारी आपण पाहिलेत.

हे काही आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं होतं, पगार बरा होता. तिथं अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. अस्पृश्य रिंग खात्यात, कमी पगारावर. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला की विणकाम खातं आम्हाला मोकळं करा ही मागणीही संपाच्या मागण्यांत घाला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ती घालून घेणं जड गेलं. 1929 च्या संपाला बाबासाहेब विरोधात उभे राहिले. तेच बाबासाहेब फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला, आपल्या जालन्याच्याच रेल्वेलाईनवर, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना सांगतात की तुमचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि 7 नोव्हेंबर 1938 ला संपाचा हक्क मारणाऱ्या बिलाविरुद्ध त्याच कम्युनिस्टांबरोबर अख्ख्या मुंबईत संप करतात. पाठिंबा द्यायचा तर अट घालून. अट मोडली तर तोंडावर सांगून बाहेर. पण संपाच्या हक्कावर घाव आला की सगळ्यांत पुढं. मार्च 2023 मध्ये संपाच्या दिवसांतच विधिमंडळात मेस्माचं बिल आलं, तेव्हा निळा झेंडा घेऊन कितीजण रस्त्यावर उतरलो?

आज अनुदानित कायम जागा हे विणकाम खातं झालंय. शिक्षणसेवक, तासिकावाला, विनाअनुदानितवाला, ठेक्यावरचा, हे सगळं रिंग खातं. आणि नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत बसणारी पोरं कुणाची? स्टील कारखान्यात भट्टीपुढं उभं राहणाऱ्याची, ऊसतोडीला जाणाऱ्याची, भंगार वेचणारणीची. मास्तर बदलला, गेला, आलाच नाही, तर नुकसान त्यांचं. साहेबाच्या पोराला फी भरलेली शाळा आहे. जालन्याची 2023 साली महानगरपालिका झाली. पाटी बदलली, आता शाळेत कायम मास्तर किती आणि कंत्राटी किती हे विचारायला कोण जाणार?

आपणच जायचं. माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज लागतो. प्रत्येक शाळेची संचमान्यता मागा, बिंदुनामावली मागा, रिकाम्या राखीव जागा मागा. संस्थाचालक 'देतो, देतो' म्हणेल, तारीख लिहून घ्या. तो कागद हातात आला की शिक्षक संघटनेच्या ऑफिसात जायचं, खुर्ची ओढून बसायचं आणि म्हणायचं: साहेब, तुमच्या पुढच्या संपात आम्ही आहोत. मोर्च्याला वस्तीतली हजार माणसं आणतो. फक्त मागण्यांचा कागद पुढं करा. ठेकापद्धत बंद, शिक्षणसेवक पहिल्या दिवसापासून वेतनश्रेणीत, राखीव जागांचा अनुशेष आधी. हे तीन पहिल्या पानावर लिहिता का?