डिजिटल वर्ग आणि शिक्षकाचा अधिकार

केंद्र सरकारच्या यूडायस प्लस अहवालानुसार २०२४-२५ या वर्षात देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची, तर ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. आदल्या वर्षीचे आकडे अनुक्रमे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु तिचा डांगोरा पिटणारी सरकारी प्रसिद्धीयंत्रणा दोन गोष्टी सोयीस्करपणे विसरते. एक तर आजही देशातील एक तृतीयांशाहून अधिक शाळा या सोयींपासून वंचित आहेत. दुसरे म्हणजे, शाळेत यंत्र आले म्हणून ते अध्यापनाच्या उपयोगी पडलेच, असे सिद्ध होत नाही. मुख्याध्यापकाच्या खोलीतील एकुलता एक संगणक पोषण आहाराची माहिती भरण्यात गुंतलेला असला, तरी आकडेवारीत ती शाळा ‘संगणकयुक्त’ म्हणूनच गणली जाते.

यंत्रे खरेदी करणे हा तुलनेने सोपा भाग होय. ती शिक्षकाच्या हातात कशी येतात, त्याला ती शिकवतो कोण, शिकण्यासाठी वेळ कोण देतो आणि धड्याचा मजकूर ठरवतो कोण, या प्रश्नांच्या उत्तरावर साऱ्या योजनेचे यश अवलंबून असते.

जुने अनुभव

हे प्रश्न नवे नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे दूरदर्शन शिक्षणाचा भव्य प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. हजारो प्राथमिक शिक्षकांना त्यातून विज्ञानाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण मिळाले. भारतीय शास्त्रज्ञ व कार्यक्रम निर्माते यांचे कर्तृत्व त्यात उजळून निघाले. तथापि उपग्रह अमेरिकेचा होता. वर्षाची मुदत संपताच तो काढून घेण्यात आला आणि प्रक्षेपण थांबले. साधन दुसऱ्याच्या मालकीचे असेल तर शिक्षणाचा कार्यक्रमही त्याच्या मर्जीवर चालतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाच्या योजनेखाली सुरुवातीला २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक बसवण्यात आले. त्यानंतर २००४ साली केंद्राची शालेय माहिती तंत्रज्ञान योजना आली. अनेक राज्यांनी ती राबवताना कंत्राटी पद्धत पत्करली: कंपनीने यंत्रे बसवायची, स्वतःचे संगणक शिक्षक नेमायचे, ठरावीक वर्षे प्रयोगशाळा चालवायची आणि मुदतीअंती ती शाळेच्या हवाली करून निघून जायचे. महाराष्ट्रात या पद्धतीने अल्प वेतनावर नेमलेले संगणक शिक्षक करार संपताच रस्त्यावर आले आणि त्यांना नोकरीसाठी वारंवार आंदोलने करावी लागली. शाळेचे नियमित शिक्षक या काळात प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच राहिले होते. साहजिकच कंपनी गेल्यावर यंत्रांवर धूळ साचली.

दोन शेजारी राज्ये, दोन मार्ग

या संदर्भात कर्नाटक आणि केरळ यांची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही राज्यांनी २००१च्या सुमारास शाळांत संगणक नेण्यास आरंभ केला. कर्नाटकाने ‘माहिती सिंधू’ योजनेत सुमारे एक हजार सरकारी माध्यमिक शाळांचे काम खासगी कंपन्यांकडे सोपवले. केरळने ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प शिक्षण खात्यातच उभारला. बंगळूरच्या आयटी फॉर चेंज या संस्थेने २००९ मध्ये या दोन पद्धतींचा तौलनिक अभ्यास केला. कंत्राटी पद्धतीत शिक्षक परका राहतो. खात्यांतर्गत पद्धतीत तो साधनांचा स्वामी बनतो, हाच त्या अभ्यासाचा आशय होता.

केरळमध्येही हे आपोआप घडले नाही. प्रारंभीचा अभ्यासक्रम एका बलाढ्य परदेशी कंपनीच्या प्रणालीवर बेतलेला होता. केरळ स्कूल टीचर्स असोसिएशनने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला. संघटित शिक्षकांचा हा दबाव आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे साहाय्य यांमुळे दशकाच्या अखेरीपर्यंत शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर चालू लागले. परवान्यांवर जाणारा पैसा वाचला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, प्रणाली उघडून पाहण्याचा, तिची प्रत काढण्याचा आणि तिच्यात मल्याळम भाषेनुसार बदल करण्याचा अधिकार शिक्षकांना मिळाला.

प्रशिक्षणाची रचनाही तितकीच महत्त्वाची ठरली. कंपनीचा तरुण येऊन दोन तास बटणे दाखवून जातो, तसा प्रकार तेथे नव्हता. कार्यरत शिक्षकांतूनच प्रशिक्षक निवडले गेले आणि शाळेतील एका शिक्षकाकडे समन्वयाची जबाबदारी देण्यात आली. गणिताच्या शिक्षकाला गणिताच्याच शिक्षकाने शिकवले. त्रिकोणाचा शिरोबिंदू पडद्यावर सरकवला, कोन बदलत गेले, तरी त्यांची बेरीज १८० अंशच राहते, हे ‘जिओजिब्रा’ या मुक्त साधनाने वर्गाला कसे दाखवायचे आणि त्यानंतर मुलांना कोणता प्रश्न विचारायचा, हे अनुभवी सहकाऱ्याकडूनच उत्तम समजते. बटणापेक्षा तो प्रश्न अधिक मोलाचा असतो.

२०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. २०१८ पासून ४७५२ शाळांतील आठवी ते बारावीचे ४५ हजार वर्ग लॅपटॉप, प्रक्षेपक व ध्वनिवर्धक यांनी सज्ज करण्याचे काम हाती घेण्यात आले. ‘स्कूलविकी’ या सामायिक ज्ञानकोशात शिक्षक-विद्यार्थी आपापल्या शाळेची व परिसराची माहिती स्वतः लिहितात. मे २०२४ पासून ८० हजार शिक्षकांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात झाली. बनावट चित्रफिती ओळखणे आणि मुलांच्या माहितीची गोपनीयता राखणे यांचाही त्यात समावेश होता.

मर्यादा केरळलाही होत्या. जून २०२० मध्ये व्हिक्टर्स वाहिनीवरून वर्ग सुरू झाले, तेव्हा सुमारे २ लाख ६० हजार विद्यार्थ्यांच्या घरी दूरदर्शन संच वा इंटरनेट नसल्याचे पाहणीत आढळले होते. ग्रंथालये, अंगणवाड्या आणि युवक संघटना यांच्या मदतीने सामुदायिक केंद्रे उघडून ती उणीव भरून काढावी लागली. यंत्राची विषमता यंत्राने दूर होत नाही. त्यासाठी समाजाची संघटित शक्तीच लागते.

महाराष्ट्रातील शिक्षकाची स्थिती

महाराष्ट्रात उत्साही शिक्षकांची वाण कधीच नव्हती. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. कित्येक जिल्हा परिषद शिक्षकांनी पदरमोड करून, गावात वर्गणी जमवून प्रक्षेपक घेतले. हे सारे गौरवास्पद आहे. परंतु एका शिक्षकाच्या त्यागावर उभी असलेली व्यवस्था त्याच्या बदलीबरोबर कोसळते. वीजबिल थकल्यामुळे शाळेची जोडणी तोडली जाते, तेव्हा वर्गणीतून घेतलेला पडदा काळाच राहतो.

शिवाय शिक्षकाला वेळ कोठे आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. डिजिटल युगात या कलमाला बगल देण्याचा नवा मार्ग सापडला आहे. रोज नवे अ‍ॅप, रोज नवी माहिती, रोज नवे छायाचित्र. जे साधन अध्यापनासाठी आले असे सांगितले गेले, ते शिक्षकावर पाळत ठेवण्यासाठी व त्याच्याकडून कारकुनी करून घेण्यासाठी वापरले जात आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास शाळेच्या वेळेत, सहकाऱ्यांबरोबर चर्चा करीत पार पडणार, की रात्री घरी एकट्याने चित्रफीत सुरू ठेवून प्रमाणपत्र मिळवण्यात सरणार?

विरोध कशाला?

पुरोगामी चळवळ यंत्रविरोधी आहे, हा आरोप जुनाच आहे. बँक व विमा कर्मचाऱ्यांनी यंत्रीकरणाचा प्रश्न उपस्थित केला तेव्हाही तो झाला होता. यंत्र येणार असेल तर ते कोणाच्या अटींवर, हा त्या लढ्यांचा गाभा होता आणि १९८३चा बँक करार वाटाघाटींतूनच झाला. शिक्षणातही भूमिका हीच असली पाहिजे. बाजाराच्या हाती शिक्षण सोपवण्याचे परिणाम ताजे आहेत: २०२२ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलर मूल्य मिरवणाऱ्या बायजूज या कंपनीविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पालकांचे पैसे आणि हजारो तरुणांच्या नोकऱ्या यांची धूळधाण झाली. सार्वजनिक शाळेचे मात्र दिवाळे निघू देता येत नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना दुसरा आसरा नाही.

म्हणून शिक्षक, पालक व विद्यार्थी संघटनांत काम करणाऱ्या पक्षसदस्यांनी काही निश्चित मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. प्रत्येक सार्वजनिक शाळेची वीज आणि इंटरनेट यांचा खर्च शासनाने उचलावा. शिक्षकांचे प्रशिक्षण शाळेच्या वेळेत, कार्यरत शिक्षकांकडूनच व्हावे. सार्वजनिक पैशातून तयार होणारे साहित्य मुक्त परवान्याखाली असावे. म्हणजे महाराष्ट्रात तयार झालेला मराठी धडा बेळगाव वा गोव्यातील मराठी शाळेचा शिक्षकही आपल्या वर्गाला साजेसा बदलून वापरू शकेल. संगणक शिक्षकांची पदे कायम असावीत. माहिती भरण्याच्या कामासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमावेत. आणि पडद्यावरचा धडा हे रिक्त पदे न भरण्याचे वा कमी पटाच्या शाळा बंद करण्याचे निमित्त होऊ नये.

या मागण्यांसाठी आधी आपल्या भागातील शाळेत जाऊन पाहिले पाहिजे. संगणक किती आहेत याबरोबरच ते कोण वापरतो, किती वेळ वापरतो आणि बिघडल्यावर कोण दुरुस्त करतो, हे शिक्षकांनाच विचारावे. त्या उत्तरांच्या आधारावर उभे राहिलेले आंदोलन गावाला आपले वाटेल.