पाठशाळेचा रस्ता मुलींनी का बदलायचा?



पोलिसात तक्रार करायची म्हटले की आपल्या बायकांचे पाऊल उंबऱ्यातच अडखळते. "कशाला वाईटपणा घ्यायचा? आपण क्षमा करणारे लोक," असे म्हणून विषय संपवला जातो. आज मला याच वाक्याविषयी बोलायचे आहे.

गावोगावी चित्र सारखेच आहे. मंदिराच्या वाटेवर एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर टोळके बसते. बाटल्या, मोठ्याने गाणी, जाणाऱ्या-येणाऱ्या मुलींवर शेरे. आमच्या गल्लीतही हेच चालले होते. त्या मुलांना कोणी काही बोलले नाही. बदलल्या त्या मुली. दिवस मावळायच्या आत जेवून पाठशाळेला निघणाऱ्या मुली मागच्या बोळातून वळसा घालू लागल्या, आणि दोघींचे येणे तर घरच्यांनीच बंद केले. आपल्या गप्प बसण्याची किंमत अशी मुली मोजतात.

दशलक्षण पर्वात पहिला धर्म उत्तम क्षमा. पण क्षमा ही माझ्यावर झालेल्या अन्यायाची, माझ्या मनातल्या क्रोधाची असते. शेजारच्या मुलीची छेड काढणाऱ्याला तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला कोणी दिला? शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायचीच; पण स्वतःचे आणि आश्रितांचे रक्षण करताना होणारी विरोधी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनीही ओळखले होते. आणि तक्रार म्हणजे तर हिंसाही नाही. ती आहे एका कागदावर लिहिलेली खरी गोष्ट.

मात्र सगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत, असे मला वाटते. गाणी, गोंगाट, कट्ट्यावरची गर्दी यासाठी आधी बोलून पाहावे. त्यातला एखादा आपल्याच समाजातला निघाला तर दोघी-तिघींनी त्याच्या आईकडे जावे, तिला चारचौघांत खाली मान घालायला लावू नये. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा लावायला कायद्याने बंदी आहे. ती सांगण्याआधी आपल्या कार्यक्रमाचा भोंगाही वेळेत बंद होतो ना, हे पाहावे. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर नगरपालिकेला अर्ज द्यावा. अंधार गेला की निम्मी टवाळकी आपोआप उठते.

पण पाठलाग, अंगचटीला येणे, धमकी, अश्लील शेरे यासाठी आईकडे जाण्यात वेळ घालवू नये. तिथे थेट पोलीस. प्रसंग समोर घडत असेल तर ११२ लावावा. मुलगी १८ वर्षांखालची असेल आणि तिच्याशी लैंगिक गैरवर्तन झाले असेल, तर पॉक्सो कायद्याने ते कळवणे ऐच्छिक नाही. माहीत असून न कळवणे हाच गुन्हा आहे. मग तो मुलगा आपल्या नात्यातला असो की समाजाच्या पुढाऱ्याचा.

ठाण्यात जायची भीती वाटते, म्हणून काही गोष्टी माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यानुसार छेडछाड, पाठलाग अशा गुन्ह्यांत पीडित स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंदवून घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते. साक्षीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरीच यावे लागते. साधा अर्ज दिलात तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.

आता अर्ज कसा लिहावा? इथे आपले सत्याणुव्रत उपयोगी पडते. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लिहिणे आहे, आणि रहोभ्याख्यान म्हणजे कुणाचे गुपित उघड करणे हेही आहे. म्हणून तारीख, वेळ, जागा, काय पाहिले, काय ऐकले, एवढेच लिहावे. ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून लिहू नये. "ती सगळी पोरे तसलीच" असे कुणाच्या जातीवरून, वस्तीवरून लिहू नये. तिखटमीठ लावलेला अर्ज पहिल्या चौकशीतच कोसळतो. आणि जिच्याबाबत घडले, त्या मुलीचे नाव पापड लाटताना चर्चेला घेऊ नये. ते नाव अर्जात, तिच्या संमतीने, एवढेच.

अर्ज एकटीने देऊ नका. महिला मंडळाच्या दहा-बारा जणींच्या सह्या असल्या की कुणा एकीच्या घरावर रोष येत नाही. आम्ही तसेच केले, शेजारच्या इतर समाजांतल्या बायकांनाही बरोबर घेतले, कारण त्यांच्या मुलीही त्याच रस्त्याने क्लासला जातात. पोलिसांची संध्याकाळची फेरी सुरू झाली, पायरी रिकामी झाली. एखाद्या आठवड्यात फेरी चुकली की मुले पुन्हा जमतात, मग आम्ही पुन्हा आठवण देतो. घर एकदा झाडून कायमचे स्वच्छ होत नाही, तसेच हे.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत सहलीचा विषय झाला की एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या भागात मुली कोणत्या रस्त्याने जायचे टाळतात? उत्तर आले की त्याच बैठकीत कागद काढा.