परत आलेल्या पार्सलचं काय?

एका विद्यापीठाच्या मॅनेजमेंट विभागात ई-कॉमर्सचे नवे कोर्स ठरत होते. मी कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो, म्हणून मलाही बैठकीला बोलावलं. मसुद्यात पहिलं युनिट बी-टू-बी, बी-टू-सीच्या व्याख्यांचं, शेवटचं एआयच्या भवितव्याचं. ‘रिटर्न’ हा शब्द एकदाच सापडला, तोही गुंतवणुकीवरचा!

फ्लिपकार्टनं २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली, तेव्हापासून आपल्याकडे छोटा विक्रेता दारातल्या ‘नको’वर तरतो किंवा बुडतो. ८०० रुपयांचा जोड नाकारला की जायचं भाडं माझं, यायचंही माझंच. वाटेत पावसानं चामडं भिजलं, तर तो जोडही माझाच.

जीएसटीचं तेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला नोंदणीतून सूट आहे. पण त्याच ॲपवरून निपाणीला एक जोड गेला की सूट संपली. कोल्हापूरच्या पोराला हे व्याख्यांआधी कळायला नको?

मी म्हटलं, पहिल्या सत्रात प्रत्येकाला खरी वस्तू विकू द्या, परत आलेल्या पार्सलचा हिशोब लिहू द्या. मार्क त्यालाच. उत्तर आलं, ‘ते ऑपरेशन्समध्ये येतं, इलेक्टिव्ह ठेवू.’ म्हणजे तोटा ऐच्छिक!

फी भरणारे तुम्ही, कर्ज काढून दुकान टाकणारेही तुम्हीच. ॲडमिशनआधी सिलॅबस मागून घ्या, त्यात हा हिशोब शोधा. पुढच्या बैठकीला मी परत आलेल्या चपलांचं पोतं घेऊन जाणार आहे.