रजोनिवृत्तीचे वेळापत्रक कोण ठरवणार?

आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला स्त्रीचे आयुष्य तारखांमध्ये मांडण्याची सवय आहे. गरोदरपणातील तपासण्या, बाळाचे लसीकरण, दोन बाळंतपणांतील अंतर, लोहाच्या गोळ्या या प्रत्येकासाठी कार्ड आहे, नोंदवही आहे आणि दारात येऊन आठवण करून देणारी आशा कार्यकर्ती आहे. ही दक्षता चाळिशीनंतर विरत जाते. केंद्राने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या धोरणचौकटीच्या लांबलचक नावात प्रजनन, माता, नवजात, बालक आणि किशोरवयीन अशा सर्वांना स्थान मिळाले. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रीला मिळाले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही स्त्रियांना प्रश्न विचारते ते १५ ते ४९ या वयातच.

वास्तविक तारखांची, नोंदींची आणि पाठपुराव्याची गरज नव्याने सुरू होते ती याच वयात. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी येते. पाश्चात्त्य देशांत ती पन्नाशी ओलांडल्यावर येते. त्याआधीची काही वर्षे संक्रमणाची असतात. पाळी कधी पंधरा दिवसांत येते, कधी तीन महिने येत नाही, कधी अंगावरून इतके जाते की घराबाहेर पडणे कठीण होते. रात्री घामाने झोपमोड, छातीपासून कानशिलांपर्यंत उसळणारी धग, सांधेदुखी, चिडचीड, विस्मरण. यांतले सगळेच प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही, आणि अनेक स्त्रिया फारसा त्रास न होता या टप्प्यातून पार पडतात. ज्यांना त्रास होतो, त्यांच्यासाठी संप्रेरकोपचार हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात आता फारसे दुमत नाही.

मात्र ‘संप्रेरके घ्यावीत की नाही’ हा प्रश्न अर्धवट आहे. खरा प्रश्न ती कोणत्या क्रमाने घ्यावीत, हा असतो. पाळी अजून सुरू असेल किंवा बंद होऊन वर्ष झाले नसेल, तर सामान्यतः इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातील बारा ते चौदा दिवस, असे चक्राकार वेळापत्रक दिले जाते. त्यात रक्तस्राव होतो, पण तो बऱ्याच अंशी ठरल्या वेळी होतो. पाळी थांबून वर्ष उलटले की दोन्ही संप्रेरके रोज घेता येतात आणि रक्तस्राव हळूहळू थांबतो. हे सलग वेळापत्रक संक्रमणकाळातच सुरू केले, तर अवेळी रक्तस्रावाचा त्रास वाढण्याची शक्यता असते. ज्यांचे गर्भाशय काढलेले आहे, त्यांना सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते. कारण प्रोजेस्टेरॉनचे मुख्य काम गर्भाशयाच्या अस्तराला कर्करोगापासून वाचवणे हे असते. त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीइतका वाढत नाही, म्हणून लठ्ठपणा किंवा उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीसाठी तो मार्ग अधिक योग्य ठरू शकतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा आजार असेल किंवा रक्तस्रावाचे कारण कळलेले नसेल, तर हा मार्ग बहुधा टाळावा लागतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही : हा उपचार म्हणजे गर्भनिरोधन नव्हे. या काळातही गर्भ राहू शकतो.

माझ्या डॉक्टरांनी सत्तेचाळिसाव्या वर्षी हे सारे मला समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी आधी तीन महिन्यांच्या पाळीची नोंद मागितली, रक्तदाब मोजला, घरातील आजारांची चौकशी केली आणि तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणून बजावले. महागडी तपासणी एकही सांगितली नाही. त्यात नवल नव्हते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्येच स्पष्ट केले होते, की पंचेचाळिशीपुढील स्त्रीत लक्षणांवरूनच निदान करावे, त्यासाठी संप्रेरकांच्या रक्तचाचण्यांची गरज नाही. माझ्या या निवडीमागे असाधारण असे काहीच नव्हते. एक वही, रक्तदाबाचे यंत्र, ऐकून घेणारा डॉक्टर आणि पुन्हा येण्याची सोय एवढ्याच गोष्टी लागल्या. त्या सगळ्या प्राथमिक आरोग्यसेवेत बसणाऱ्या आहेत. तरीही देशातील बहुसंख्य स्त्रियांपर्यंत हा प्रश्नच पोहोचत नाही.

याचे एक कारण भीती आहे, आणि तिचा उगम ठाऊक असलेला बरा. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाची १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत दर दहा हजारांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण अधिक आढळले. हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसातील गुठळ्या यांचेही प्रमाण थोडे वाढले. मांडीच्या हाडाचे फ्रॅक्चर आणि आतड्याचा कर्करोग मात्र कमी झाले. बातम्यांत पहिला भाग गाजला, दुसरा मागे पडला. त्याहून मागे पडली ती एक साधी बाब : या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. सेहेचाळिसाव्या वर्षी धग आणि निद्रानाशाने हैराण झालेल्या स्त्रीविषयी तो अभ्यास फारच थोडे सांगत होता. पुढील विश्लेषणांतून साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या स्त्रियांसाठी लाभ-हानीचा हिशेब वेगळा असल्याचे दिसले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. तेथे लंबक आता दुसऱ्या टोकाला जाण्याची शक्यता आहे. तारुण्य टिकवणारे औषध म्हणून याची विक्री सुरू झाली, तर तेही तितकेच घातक ठरेल.

आपल्याकडील अडचण मात्र या वादापेक्षा जुनी आणि खोल आहे. अमेरिकन स्त्री गोळी घ्यावी की न घ्यावी, अशा द्विधेत होती. भारतातील गरीब स्त्रीला त्याच लक्षणांवर अनेकदा एकच उपाय सांगण्यात आला : पिशवी काढून टाका. उत्तरेत ‘बच्चेदानी’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘पिशवी’. शब्द वेगळे, सल्ला तोच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील सुमारे तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात हे प्रमाण आठ-नऊ टक्क्यांच्या घरात होते. बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या आणि सर्वाधिक सांगितले गेलेले कारण होते पाळीतील अतिरक्तस्राव व वेदना. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेले होते. फडावर खाडा झाला की मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो, मग पाळीच परवडत नाही, हे त्या स्त्रियांचे अर्थशास्त्र होते.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश राज्यांना मिळाला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असाव्यात, हे त्या तत्त्वांचे एक सूत्र आहे. ते आवश्यकच होते. तरीही समिती शस्त्रक्रिया मोजेल. ती झाल्यानंतर त्या बाईचे काय झाले, हे कोण पाहणार?

या प्रश्नातच माझ्या मते धोरणाची मोठी उणीव दडलेली आहे. चौतीस-पस्तिसाव्या वर्षी गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, एका दिवसात येते. अंडाशये ठेवली, तरी ती लवकर थकण्याचा संभव वाढतो. अशा स्त्रीची हाडे वेळेआधी ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच, विशेष मनाई नसेल, तर तिला किमान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, अशी शिफारस केली जाते. संप्रेरकोपचाराची सर्वांत भक्कम आणि सर्वांत कमी वादग्रस्त गरज असलेली भारतीय स्त्री हीच. शहरातील माझ्यासारख्या स्त्रीला पट्टी की गोळी, असा पर्याय मिळतो. ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या स्त्रीच्या डिस्चार्ज कार्डावर अंडाशये ठेवली की काढली, एवढेही कित्येकदा तिला समजेल असे लिहिलेले नसते.

पैशाची दिशाही उलटी आहे. आयुष्मान भारत विमा योजना २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, परंतु ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलते. तिची गरजच पडू न देणारी गोळी, रक्तस्राव आवरणारे संप्रेरकयुक्त साधन किंवा नंतर वर्षानुवर्षे लागणारे इस्ट्रोजेन यांचा भार बहुधा स्त्रीच्या पदराला बसतो. इंग्लंडने एप्रिल २०२३ पासून वर्षाला १९ पौंड ३० पेन्स एकदाच भरून वर्षभर ही औषधे मिळतील, अशी सोय केली. आपल्याला तिचीच नक्कल करायची गरज नाही. सरकारी दवाखान्यांतून मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे मोफत देण्याची यंत्रणा आपल्याकडे आहेच. त्या यादीत चार-पाच औषधांची भर घालायची आहे.

पहिले पाऊल त्याहूनही स्वस्त आहे. तिशीपुढील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा कार्यकर्ती जो तपासणी अर्ज भरते, त्यात रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होतो का, हा प्रश्न आहे. म्हणजे सरकारी कागदावर हा शब्द येतो, पण कर्करोगाचे लक्षण म्हणून येतो. त्याच अर्जात पाळीतील बदल, झोप, धग आणि पूर्वीची शस्त्रक्रिया यांविषयी दोन ओळी वाढवता येतील. दुसरे, प्राथमिक केंद्रातील डॉक्टरांना कोणाला चक्राकार, कोणाला सलग, कोणाला एकटे इस्ट्रोजेन आणि कोणाला यांपैकी काहीच नाही, हे ठरवण्याचे प्रशिक्षण द्यावे. गुंतागुंत असेल तेथे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे. तिसरे, चाळिशीच्या आतील प्रत्येक गर्भाशय-शस्त्रक्रियेच्या कागदावर आधी कोणते औषधोपचार केले, अंडाशये ठेवली का, आणि पुढील संप्रेरकोपचार कोणता, या तीन नोंदी बंधनकारक कराव्यात. त्या नसतील तर विम्याचे पैसे अडवावेत.

क्षयरोग आणि रक्तक्षय हटलेला नसताना हे चोचले कशाला, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर हिशेबातच आहे. पस्तिशीत गर्भाशय गमावलेली स्त्री पुढे तीस-चाळीस वर्षे जगणार आहे आणि त्यांतली बरीच वर्षे राबणार आहे. तिच्या कंबरेचे हाड साठीआधी मोडले, तर त्या घराचे उत्पन्न आणि एका सुनेचे किंवा मुलीचे श्रम त्याबरोबर जातात. हा खर्च आजही होतो. तो फक्त कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. सर्व स्त्रियांनी संप्रेरके घ्यावीत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. नीट समजून घेऊन अनेक जणी नको म्हणतील, आणि तो निर्णयही तितकाच योग्य असेल. मात्र नको म्हणण्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते. लसीच्या तारखेसाठी दार ठोठावणाऱ्या व्यवस्थेने त्याच दारात, त्याच बाईला, वीस वर्षांनी आणखी एकदा विचारायला हवे : बाई, तुमची पाळी कशी आहे, आणि तुम्हाला झोप लागते का?