जंतूला जात नाही, ताटाला आहे

टीबीबद्दल आपल्याला तीनच गोष्टी पढवल्यात : जंतू, गोळी आणि ‘थुंकू नका’. दवाखान्याच्या भिंतीभिंतीवर तेच रंगवलंय. भाकरीबद्दल भिंत गप्प. म्हणून हे लिहितोय.

जंतू आहेच. रॉबर्ट कॉखने तो १८८२ साली दाखवला. पण तो ज्यांच्या छातीत शिरतो त्यांतल्या दहापैकी नऊजणांना उभ्या जन्मात टीबी होत नाही. शरीर त्याला कोंडून ठेवतं. या पहाऱ्याला रोजचा खुराक लागतो. पोट खपाटीला गेलं की पहारा ढिला पडतो आणि झोपलेला जंतू उठून बसतो.

ही माझ्या पदरची बात नाही. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडात टीबीच्या रोग्यांच्या घरातल्या १०,३४५ माणसांवर प्रयोग झाला. काही घरांत प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. बाकीच्या घरांत फक्त रोग्यालाच शिधा. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी घटला. छातीचा, पसरणारा टीबी तर ४८ टक्क्यांनी. लस नाही, मशीन नाही. डाळभात!

दुसरं सोंगही ओळखा. वडापाव, बिस्कीट, गोड चहा यांवर वर्षानुवर्षं दिवस ढकलले की ढेरी सुटते, पण अंगाला काही लागत नाही. रक्तात साखर चढते. साखरवाल्याला टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट. कोरोनातही त्यांच्या जिवाला धोका जास्त होता. उपाशी पोट आणि भरलेलं खोटं पोट, दोन्ही एकाच गरिबीची पोरं.

वस्तीतल्या एका पोराबरोबर दवाखान्याच्या लायनीत उभा होतो. आतून सल्ला आला, ‘दूध, अंडी, फळं खा.’ कशाच्या जिवावर खायचं, ते कागदावर नव्हतं. नोव्हेंबर २०२४ पासून रोग्याला आहारासाठी महिना १००० रुपये आहेत. म्हणजे दिवसाला ३३. घरच्यांचा शिधा ‘निक्षय मित्र’ नावाच्या दानशूरांवर सोडलाय. म्हणजे पुन्हा हात पसरा!

आणि स्वस्तातलं मांस? मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापणंही गुन्हा. म्हैस-रेडा तेवढे सुटले. शाळेतल्या पोरांच्या ताटात २०२३ साली आठवड्याला एक अंडं आलं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे थांबवले. मेल्या ढोराचं खाऊ नका, असं बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात सांगितलं. ते लाचारीचं खाणं होतं, आपण फेकलं. पण घामाच्या पैशाने बाजारातून आणलेल्या मटणावर नाक मुरडणारे हे कोण? आमच्या बरगड्या मोजायला तरी हे कधी आले होते का?

गोळी घ्याच. एक दिवसही चुकवू नका. पण गोळीवर भागवू नका. रेशनवर हक्काचं म्हणून माणशी ५ किलो धान्य मिळतं, डाळ नाही. झारखंडचा हिशेब समोर आहे. टीबीच्या प्रत्येक घराला माणशी दीड किलो डाळ, पोरांना अंडं, आणि तेही दान नव्हे, कायद्याने. पुढच्या महिन्यात रेशनच्या लायनीत उभे राहाल तेव्हा एकेकट्याने नको, सगळ्या वस्तीने डाळ मागा. ‘नाही’ म्हणाले, तर ते ‘नाही’ लेखी मागा.