तळाच्या साखळीतून स्टॅनले करंडकाकडे

26 जून 2022 च्या रात्री फ्लोरिडातील टॅम्पा शहरात कोलोरॅडो अ‍ॅव्हेलांच संघाने टॅम्पा बे लायटनिंगला 2-1 असे नमवून स्टॅनले करंडक पटकावला. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीचा हा सर्वोच्च मान. त्या अंतिम लढतीतील एक बाब मात्र गोल आणि जल्लोषाच्या वर्णनात काहीशी झाकली गेली. दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांपैकी एकानेही खेळाडू म्हणून नॅशनल हॉकी लीगचा (एनएचएल) एकही सामना खेळलेला नव्हता. टॅम्पाचे जॉन कूपर हे मूळचे वकील. 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन करंडक त्यांच्या खाती जमा होते. विजेत्या संघाचे जॅरेड बेडनार हे खेळाडू होते खरे. पण त्यांची सारी कारकीर्द दुय्यम साखळ्यांतच सरली.

त्या विजयाने बेडनार यांच्या नावावर एक वेगळाच विक्रम लागला. ईसीएचएल, अमेरिकन हॉकी लीग आणि एनएचएल या तिन्ही पायऱ्यांवरील करंडक मुख्य प्रशिक्षक म्हणून जिंकणारे ते पहिलेच. महान खेळाडूच महान प्रशिक्षक होतो, या समजाला त्यामुळे मोठा धक्का बसला, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात, गोष्ट इतकी सरळ नाही.

सॅस्कॅचेवान हा कॅनडाचा गहू पिकवणारा प्रांत. तेथील यॉर्कटन गावी 1972 मध्ये बेडनार यांचा जन्म झाला. एनएचएलचे संघ दरवर्षी तरुण खेळाडूंची निवड करतात. त्या यादीत या धिप्पाड बचावपटूचे नाव कधीच आले नाही. पुढे 1993 पासून सुमारे नऊ मोसम ते खेळत राहिले, त्यातील बराच काळ दक्षिण कॅरोलायना राज्यातील नॉर्थ चार्ल्सटनच्या ‘साउथ कॅरोलायना स्टिंगरेज’ या संघाकडून. समुद्राकाठचे हे गाव इतके उबदार, की तिथे थंडीत तळी गोठत नाहीत; हॉकी खेळायची ती कृत्रिम बर्फावर. 1997 मध्ये आणि पुन्हा 2001 मध्ये या संघाने ईसीएचएलचा केली करंडक जिंकला, तेव्हा बेडनार संघात होते. मधूनमधून वरच्या साखळीचे बोलावणे येई, पण एनएचएलचे दार काही उघडले नाही.

ईसीएचएल म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या माणसाची वाटचाल कळणार नाही. 1988 मध्ये पाच संघांनिशी सुरू झालेली ही साखळी व्यावसायिक हॉकीच्या उतरंडीत तिसऱ्या पायरीवर आहे. एनएचएलमध्ये 2025-26 च्या मोसमात किमान वार्षिक वेतन पावणेआठ लाख डॉलर होते. इथे खेळाडूला पगार मिळतो तो आठवड्याच्या हिशेबाने, काहीशे डॉलरच्या घरात, आणि तोही मोसम चालू असेपर्यंतच. राहण्याची सोय संघ करतो. मोसमात 72 सामने, बऱ्याचदा शुक्रवार, शनिवार, रविवार अशा सलग तीन रात्री. आणि त्यांच्या मधले तास बसमध्ये. प्रशिक्षकाच्या दिमतीला फार तर एक साहाय्यक. खेळाडू शोधणे, त्यांना करारासाठी राजी करणे, बस आणि हॉटेल ठरवणे ही कामेही पुष्कळदा त्याच्याच गळ्यात. यावर कडी म्हणजे त्याचा एखादा खेळाडू चमकू लागला, की वरच्या साखळीतून दूरध्वनी येतो आणि तो खेळाडू त्याच रात्री बॅग भरून निघून जातो. प्रशिक्षकाने त्याबद्दल आनंदच मानायचा असतो.

अशा ठिकाणी प्रशिक्षक नेमके काय शिकतो? हातातल्या वीस खेळाडूंपैकी बहुतेक जण वरच्या पायरीवर कधीच पोहोचणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते, आणि त्यांनाही. तरीही रविवारच्या तिसऱ्या सामन्यात त्यांनी जीव तोडून खेळावे, यासाठी त्याच्याकडे ना पैसा असतो, ना प्रसिद्धीचे आमिष. उरतो तो फक्त शब्द, आणि त्या शब्दावरचा विश्वास. थोर खेळाडूला ही शाळा सहसा लाभत नाही. ज्याला चकती कुठे जाणार हे उपजतच कळत होते, तो ते दुसऱ्याला कसे समजावणार? वेन ग्रेट्झ्की यांच्यासारखा खेळाडू हॉकीने पाहिला नाही. पण 2005 ते 2009 या चार मोसमांत त्यांच्या प्रशिक्षणाखाली फिनिक्स कोयोटीज संघ एकदाही बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. आपल्याकडे भारताच्या टोपीविना स्थानिक क्रिकेटमध्ये 11 हजारांहून अधिक धावा काढणारे अमोल मुजुमदार 2025 मध्ये महिला संघाच्या विश्वविजयाच्या वेळी प्रशिक्षक होते, तेव्हा अशीच चर्चा रंगली होती.

खेळणे थांबवल्यावर बेडनार 2002 मध्ये स्टिंगरेजचेच साहाय्यक प्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक व्हायला पाच वर्षे लागली. 2009 मध्ये त्यांनी संघाला केली करंडक जिंकून दिला आणि ते वरच्या साखळीत गेले. तिथला रस्ताही सरळ नव्हताच. पिओरिया येथे मुख्य प्रशिक्षक, मग स्प्रिंगफील्डला पुन्हा साहाय्यक, दोन वर्षांनी तिथेच मुख्य. एक पायरी उतरून पुन्हा चढण्याची तयारी किती जणांची असते? अखेर 2016 मध्ये लेक एरी मॉन्स्टर्सला त्यांनी अमेरिकन हॉकी लीगचा काल्डर करंडक मिळवून दिला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलोरॅडोचे प्रशिक्षक पॅट्रिक रॉय यांनी अचानक राजीनामा दिला. रॉय हे हॉकीतील सार्वकालिक श्रेष्ठ गोलरक्षकांपैकी एक. संघबांधणीच्या निर्णयांत आपल्याला पुरेसा अधिकार नाही, अशी त्यांची तक्रार होती. मोसम तोंडावर आलेला. दोन आठवड्यांत बेडनार यांची नेमणूक झाली. पुढे जे घडले ते भीषण होते. 82 सामन्यांत 22 विजय आणि 48 गुण. 30 संघांच्या तक्त्यात कोलोरॅडो तळाला, आणि त्याच्या वरच्या व्हँकूव्हरचे गुण 69!

इथे बहुतेक संघांनी प्रशिक्षकाला नारळ दिला असता. महाव्यवस्थापक जो सॅकिक यांनी तो दिला नाही. स्वतः सॅकिक संघाचे जुने कर्णधार, महान खेळाडूंपैकी एक. दोष संघाच्या घडणीत आहे, प्रशिक्षकात नाही, हे त्यांनी ओळखले असावे. आमच्या मते बेडनार यांच्या कारकिर्दीतील निर्णायक क्षण तो हाच; करंडकाची रात्र नव्हे. पुढच्याच मोसमात संघाने 95 गुण मिळवून बाद फेरी गाठली. दैवाचा वाटाही नाकारता येत नाही. तळाला राहूनही सोडतीत संघाच्या वाट्याला निवडीचा चौथा क्रमांक आला. त्या क्रमांकावर 2017 मध्ये घेतलेला केल मकार हा बचावपटू 2022 च्या बाद फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. मकार आणि नेथन मॅकिनन यांच्याविना बेडनार यांची शिकवण कितपत फळली असती, हा प्रश्न रास्तच आहे.

ब्रूस बुद्रो यांच्या वाट्याला दुसरीच बाजू आली. 1955 मध्ये टोरांटोत जन्मलेले बुद्रो एनएचएलचे 141 सामने खेळले, पण त्यांचे आयुष्य गेले ते दुय्यम साखळ्यांत. अमेरिकन हॉकी लीगमध्ये त्यांच्या नावावर 316 गोल आहेत. पॉल न्यूमन यांचा ‘स्लॅप शॉट’ हा दुय्यम हॉकीवरील चित्रपट जॉन्सटाउन येथे चित्रित झाला, तेव्हा बुद्रो तिथेच खेळत होते. नायकाचे पसारा पडलेले घर म्हणून त्यांचेच घर वापरले गेले. प्रशिक्षक म्हणून त्यांनीही 1999 मध्ये केली करंडक आणि 2006 मध्ये काल्डर करंडक जिंकला. म्हणजे बेडनार यांच्या आधी त्याच दोन पायऱ्या ते चढले होते.

नोव्हेंबर 2007 मध्ये तळाला असलेला वॉशिंग्टन कॅपिटल्स त्यांच्याकडे आला आणि त्याच मोसमात आपल्या गटात अव्वल ठरला. बुद्रो सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. 2010 मध्ये संघाने 121 गुण मिळवले. पण पहिल्याच बाद फेरीत माँट्रियालविरुद्ध 3-1 अशी आघाडी गमावून तो घरी परतला. अ‍ॅनाहाइममध्ये 2013 ते 2016 अशी चार वर्षे गटविजेतेपद आणि चारही वर्षे घरच्या मैदानावर सातव्या सामन्यात पराभव. नोकरी गेली. एनएचएलच्या साखळी सामन्यांत 617 विजय आणि करंडक एकही नाही. जानेवारी 2023 मध्ये व्हँकूव्हरमध्ये, त्यांच्या जागी कोण येणार याची जाहीर चर्चा सुरू असतानाही ते संघामागे उभे राहत होते. शेवटच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्यांच्या नावाचा घोष केला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांना दूर करण्यात आले. बुद्रो यांना काही येत नव्हते, असे कोण म्हणेल?

बेडनार यांच्या यशानंतर एनएचएलमधील नेमणुकांची रीत पुरती बदललेली नाही. एका संघाने काढलेला प्रशिक्षक दुसऱ्या संघाने घ्यायचा, ही प्रथा टिकून आहे. तरीही स्टिंगरेजच्या जुन्या मंडळींपैकी आणखी एक जण वर आला: तिथेच खेळलेले आणि 2011 पासून पाच वर्षे तिथेच मुख्य प्रशिक्षक राहिलेले स्पेन्सर कार्बेरी 2023 मध्ये वॉशिंग्टनचे प्रशिक्षक झाले. ईसीएचएल आणि अमेरिकन हॉकी लीगपाठोपाठ 2025 मध्ये त्यांना एनएचएलच्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कारही मिळाला.

मे 2025 मध्ये कोलोरॅडोला पहिल्याच फेरीत डॅलसने सातव्या सामन्यात हरवले. तिसऱ्या सत्रात तीन गोल करणारा मिको रँटानेन हा जानेवारीपर्यंत कोलोरॅडोचाच खेळाडू होता. पराभवानंतर एका साहाय्यक प्रशिक्षकाला काढण्यात आले. बेडनार यांना मात्र संघाने त्याही वेळी हात लावला नाही.